भिंत शोधणारा हात

ताईने आभासी जग (व्हीआर) दाखवणारा हेडसेट डोळ्यांवरून उतरवला तेव्हा तिचा डावा हात मागच्या भिंतीवर पंजा पसरून टेकलेला होता. पाण्यावर हलकेच डुलणाऱ्या एका होडीत ती जेमतेम चार मिनिटे उभी होती. सुरुवातीला ती हसली, वाकून पाण्याचा तळ पाहिला, काठावरच्या झाडांकडे मान वळवून "किती जवळ वाटतंय गं" असे म्हणाली. मग तिचे बोलणे थांबले आणि तो हात हळूहळू मागे जाऊ लागला, वीज गेल्यावर आपण ओळखीच्या घरातही आधार चाचपतो तसा. हेडसेट माझ्या हातात देताना तिच्या कपाळावर बारीक घाम होता आणि ओठांचा रंग उतरला होता. खुर्चीत बसून तिने पाण्याचे दोन घोट घेतले आणि ती म्हणाली, "छान आहे. पण मला नाही सोसत हे. माझ्यातच काहीतरी कमी असणार." नंतर आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलत बसलो आणि ती तासाभराने निघून गेली. ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले, कारण ते खरे नाही अशी शंका मला त्याच क्षणी आली होती आणि मी ती बोलून दाखवली नव्हती.

लहानपणी बस वळणांच्या रस्त्याला लागली की पोटात ढवळून येई ते माझ्या. खिडकीजवळची जागा मला दिली जाई, तरीही तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास एकत्र झाला की मी डोळे मिटून वळणे मोजत बसे. ताई माझ्या शेजारी मांडीवर पुस्तक उघडून वाचत असे आणि एका हाताने माझी पाठ चोळत असे. हलत्या बसमध्ये तिने शेकडो पाने वाचली असतील, पण तिला कधी भोवळ आल्याचे मला आठवत नाही. बसमध्ये जे माझ्या शरीरात घडत होते, तेच होडीतल्या त्या चार मिनिटांत उलट्या बाजूने तिच्या शरीरात घडले. बसमध्ये कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की आपण वळत आहोत, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा पुस्तकाच्या पानावर खिळलेले डोळे सांगतात की सगळे जागच्या जागी आहे. हेडसेटमध्ये डोळे सांगतात की आपण हललो, आणि कान सांगतो की नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की मेंदू अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता पोटात, कपाळावर, तळहातांवर उतरते. काही माणसांना हा विसंवाद लवकर जाणवतो, काहींना उशिरा. पण लहानपणापासून ज्या शरीराने इतके सोसले, त्याने अवघ्या चार मिनिटांत हात टेकले असतील, तर चूक शरीराची मानण्याआधी त्याला दाखवलेल्या चित्राकडे पाहायला हवे होते.

ते चित्र माझ्या लॅपटॉपवर तयार होत होते आणि तो लॅपटॉप मी निवडलेला होता. घाईने निवडला असेही नाही. संध्याकाळच्या संध्याकाळी मी वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे संगणकात चित्रे काढणाऱ्या भागांचे, तक्ते पाहण्यात घालवल्या होत्या, वह्यांमध्ये आकडे उतरवून काढले होते. या विषयाची माझी ओढ जुनी आहे. २०१६ च्या मार्चमध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एप्रिलमध्ये एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड, कोअर आय५-४५९० हा प्रोसेसर, आठ जीबी रॅम ही रिफ्टसाठी लागणाऱ्या संगणकाची शिफारस मला पाठ होती. तेव्हा माझ्याकडे त्यातले काहीच नव्हते. शिफारशीची ती ओळ मी अनेकदा वाचली होती, पण ती नेमकी तशी का आहे हे मात्र त्या वेळी नीट विचारले नव्हते, आणि पुढे निवड करायची वेळ आली तेव्हा तेच न विचारलेले आडवे आले.

हिशेब करून पाहिला तर त्या ओळीमागचे कारण लख्ख दिसते. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचे, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदू रंगवावे लागतात. त्या पहिल्या रिफ्टमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २१६० गुणिले १२०० बिंदू होते आणि चित्र सेकंदाला ९० वेळा बदलत होते; म्हणजे २३ कोटींहून अधिक. एवढ्यावर भागत नाही. हेडसेटमधली भिंगे चित्र कडांकडे ताणतात, म्हणून संगणकाला ते आधीच उलटे वाकवून द्यावे लागते, आणि या वाकवण्यात मध्यभागाची स्पष्टता जाऊ नये यासाठी मुळातले चित्र पडद्यापेक्षा मोठे काढावे लागते. लांबी आणि रुंदी दोन्ही सुमारे १.४ पट धरली, तर तोच आकडा ४५ कोटींच्या पुढे जातो. पुढच्या हेडसेटांनी ही भूक वाढवतच नेली. २०२३ साली आलेल्या क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८ बिंदू आहेत. वाकवण्यासाठीची वाढ न धरताही ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रांच्या वेगाला, ते दोन्ही डोळ्यांचे मिळून सेकंदाला ८२ कोटींच्या घरात जातात. एक सेकंद नव्वदात वाटून घेतला की प्रत्येक चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद हाती उरतात. १२० हर्ट्झचा हेडसेट असेल तर ८.३. चित्र बाराव्या मिलिसेकंदाला तयार झाले तर ते थोडे उशिरा दिसते असे नसते. त्या फेरीपुरते ते आलेच नाही असे धरले जाते, कारण पडद्याची वेळ टळून गेलेली असते.

मी सरासरी पाहिली होती.

तक्त्यात लॅपटॉपच्या नावापुढे सेकंदाला ९५ फ्रेम, म्हणजे ९५ चित्रे, असा आकडा होता, हेडसेटला ९० हव्या होत्या, आणि पाच फ्रेमची शिल्लक मला पुरेशी वाटली. परंतु ९५ फ्रेमच्या त्याच सेकंदात एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद घेऊ शकते आणि बाकीच्या भराभर निघून सरासरी सावरून धरतात. बसून पडद्यावर खेळणाऱ्याला तो हिसका क्वचितच कळतो, कळला तरी डोळ्यांना कळतो. डोक्याला बांधलेल्या पडद्यावर तो सगळ्या शरीराला कळतो. आपण मान वळवली की साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट्या दिशेला फिरून नजर स्थिर धरतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया माणसाच्या सर्वांत वेगवान क्रियांपैकी एक आहे आणि ती आपल्याला विचारून होत नाही. म्हणूनच मान हलल्यापासून बदललेले चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचायला २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये, असे या क्षेत्रातले लोक सुरुवातीपासून सांगत आले. त्यात एक फ्रेम चुकली की जग क्षणभर मानेबरोबर ओढले जाते आणि मग जागेवर येते. ९९ टक्के फ्रेम वेळेत येतात असे ऐकले की आपल्याला बरे वाटते. ९० हर्ट्झला तोच उरलेला एक टक्का म्हणजे मिनिटाला ५४ वेळा जमीन पायाखालून किंचित सरकणे होय. ताईच्या हाताने भिंत शोधली ती यामुळे.

फ्रेम चुकल्यावर काय करायचे याचा विचार हेडसेट बनवणाऱ्यांनी केलेला असतो, आणि त्यांच्या युक्तीने मला खूप काळ फसव्या निर्धास्तपणात ठेवले. नवे चित्र तयार नसेल तर मागचेच चित्र मानेच्या नव्या दिशेप्रमाणे वळवून दाखवले जाते. त्याच्या पुढचे पाऊल म्हणून ऑक्युलसने २०१६ च्या अखेरीस अशी सोय आणली की संगणकाने सेकंदाला ४५ चित्रेच काढायची आणि मधली ४५ आधीच्या चित्रांवरून अंदाजाने बनवायची. त्यामुळे चालेल असे किमान कार्ड जीटीएक्स ९६० पर्यंत खाली आले. ही युक्ती बुद्धिमान आहे, आणि अवघड क्षणी ती खरोखर आधार देते. परंतु मान नुसती वळवणे वेगळे आणि डोके एका बाजूला नेणे वेगळे. डोके पुढे झुकले की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त सरकायला हवी, तिच्या मागे लपलेले काहीतरी उघडे व्हायला हवे, आणि जे कधी काढलेच नाही ते चित्र अंदाजाने पूर्ण बनवता येत नाही. मग होडीच्या कडेला पाणी थरथरते, वल्ह्याभोवती फिकट सावलीसारखा भास उमटतो. ताई वाकून तळ पाहत होती, म्हणजे नेमके तेच करत होती ज्यात ही युक्ती सर्वांत लंगडी पडते. यंत्र काठावर चालते आहे हे या युक्तीमुळे झाकले जाते, आणि म्हणून किमान क्षमता या शब्दाकडे मी आता संशयाने पाहते.

ती गेल्यावर चार दिवसांनी मी तीच होडी पुन्हा लावली आणि या वेळी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवत ठेवला. हेडसेट संगणकावर चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या प्रणालीत हा आलेख पाहता येतो. प्रोसेसरला लागलेला वेळ वेगळा आणि ग्राफिक्स कार्डाला लागलेला वेळ वेगळा. पहिली आठ मिनिटे रेषा शांत होती, अकरा मिलिसेकंदांच्या खाली, थोडी जागा राखून. नवव्या मिनिटाला ती उचलली आणि पुढे करवतीच्या दात्यांसारखी झाली. लॅपटॉपच्या कडेने येणारी हवा हाताला चटका बसावा इतकी गरम होती, पंख्यांचा आवाज चढलेला होता, आणि आतली चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होती. घेताना मी त्याची परीक्षा पाच मिनिटांत आटोपली होती. ताई आली त्या दिवशी मात्र तिच्या आधी घरातल्या दोघांनी अर्धा तास हेडसेट वापरला होता. तिच्या वाट्याला आले ते दमलेले यंत्र. आठव्या मिनिटापर्यंतच्या त्या सपाट रेषेवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले होते. तीच तिच्या वाट्याला आली असती तर, असे राहून राहून वाटत होते.

लॅपटॉपमधल्या कार्डाच्या नावात किती अर्थ दडलेला असतो आणि किती दडवलेला, हे मला त्यानंतर कळले. आरटीएक्स ३०६० हे एकच नाव लॅपटॉपमध्ये ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या चिपला लावलेले असते, आणि पातळ, देखण्या यंत्रात बहुधा खालचा आकडा येतो, कारण उष्णता बाहेर टाकायला तिथे जागा नसते. आरटीएक्स ४०९० घेतले तरी टेबलावरच्या संगणकात ते २४ जीबी मेमरीचे आणि ४५० वॅटचे कार्ड असते, लॅपटॉपमध्ये १६ जीबीचे, आणि चिपच मुळात धाकटी असते. लॅपटॉप वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. ज्यांना यंत्र घेऊन फिरावेच लागते त्यांनी नावाऐवजी वॅट, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते ते, पाहावेत, जाडीकडे दोष म्हणून पाहू नये, आणि चालवून पाहायचे तर अर्धा तास चालवावे, एवढेच. आणखी एक गोष्ट बरेच जण उशिरा शिकतात. लॅपटॉपच्या कडेला दिसणारे, पडद्याची तार जोडायचे एचडीएमआयचे तोंड काही वेळा शक्तिमान कार्डाला जोडलेलेच नसते. ते प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सकडे जाते. तारेने जोडायच्या हेडसेटला अशा तोंडाचा उपयोग होत नाही, मग आतले कार्ड कितीही दमदार असो.

शेवटी मी टेबलाखाली राहणारा मोठा संगणक करायचे ठरवले, आणि या वेळी सुरुवात कार्डाच्या नावापासून केली नाही. आधी मी कोण उशीर करतो आहे ते शोधले. हेडसेटमधले चित्र लहान, म्हणजे कमी बिंदूंचे, करून पाहायचे. कार्डाचा वेळ झपाट्याने खाली आला आणि हिसके थांबले तर भार कार्डावर होता, आणि चित्र धूसर होऊनही हिसके तसेच राहिले तर प्रोसेसर पुरा पडत नाही. ही तपासणी फुकट आहे आणि मला वाटते ती खरेदीच्या आधी प्रत्येकाने करावी. होडीच्या बाबतीत दोष कार्डाचा, म्हणजे खरे तर त्याच्या उष्णतेचा होता. परंतु मला विमान उडवण्याचे सिम्युलेटरही प्रिय आहे, आणि तिथे चित्र लहान करून काहीच फरक पडेना. खाली पसरलेले शहर, त्यातली प्रत्येक इमारत, हवेचा विमानावर पडणारा दाब हा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्यातला बराचसा एकाच धाग्यावर, क्रमाने चालतो. प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे सोळा कोअर असले तरी एक कोअर राबत राहतो आणि उरलेले त्याची वाट पाहतात. २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा ९६ एमबी कॅशेचा, म्हणजे आतल्याच वेगवान मेमरीचा, प्रोसेसर सिम्युलेटरवाल्यांना इतका आवडला, त्याचे कारण हेच होते. लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ राहिली की सरासरी तर वाढतेच, पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की अधूनमधून येणारे लांब हिसके कमी होतात.

मेमरीच्या बाबतीत मी कंजूषपणा केला नाही. दोन डोळ्यांची मोठी चित्रे आणि दृश्यातले सगळे पोत (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले नाहीत तर ते संगणकाच्या रॅममधून ये-जा करू लागतात आणि तो प्रवास ११ मिलिसेकंदांत बसत नाही. आठ जीबीवर भागवण्याचा मोह होत होता, तो मी आवरला. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा बराच मोठा घेतला, कारण कार्ड क्षणभर नेहमीच्या कितीतरी पुढे वीज ओढते आणि त्या क्षणी पुरवठा डगमगला तर संगणक सरळ बंद पडतो, आणि डोक्यावर हेडसेट बांधलेल्या माणसाभोवती अचानक काळोख होतो. कॅबिनेट निवडताना काचेच्या बाजूंपेक्षा समोरच्या जाळीकडे पाहिले. हेडसेट बिनतारी वापरायचा तर चित्र आधी कार्डातच व्हिडिओसारखे दाबून मग हवेतून पाठवावे लागते, म्हणून संगणकापासून राउटरपर्यंत तार टाकली आणि फक्त शेवटचा टप्पा हवेवर सोडला. एरवी घरातल्या सगळ्या फोनांच्या गर्दीतून ते चित्र वाट काढत बसले असते.

माझ्या कपाटात एक जुना हेडसेट आहे. त्याची भिंगे स्वच्छ आहेत, पट्टा अजून घट्ट आहे, आणि तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या विंडोजमधल्या हेडसेट चालवणाऱ्या सोयीवर चालणारा आहे. मायक्रोसॉफ्टने ही सोय बंद करण्याचे २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केले आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढून टाकली. संगणक सुधारला, त्याच दिवशी हेडसेट मुका झाला. तसेच २०१८ मध्ये व्हर्च्युअललिंक नावाचे एकच तार लागणारे तोंड येणार म्हणून मोठ्या कंपन्या एकत्र आल्या होत्या, आरटीएक्स २० मालिकेतल्या कार्डांवर ते तोंड दिसलेही, आणि दोन वर्षांत तो विचार सोडून दिला गेला. या दोन्ही गोष्टींचे मला मनापासून वाईट वाटते. उद्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू उद्या उपयोगी पडेलच असे इथे सांगता येत नाही, म्हणून मी आता आज ज्या हेडसेटवर, आज ज्या दृश्यात माणूस उभा राहणार आहे, त्याच्यापुरते यंत्र पुरे पडते का एवढेच आधी पाहते.

माणूस उभा राहणार आहे. तक्ते वाचताना हेच मनातून निसटते.

पडद्यावरचा खेळ अडखळला की आपण संगणकाला नावे ठेवतो. हेडसेटमधले दृश्य अडखळले की माणसे स्वतःला नावे ठेवतात. ताईचे वाक्य ऐकल्यावर मला अशी कितीतरी वाक्ये आठवली: माझे वय झाले, माझे डोळे असेच आहेत, मला उंचीची सवय नाही, हे तरुणांचे काम आहे. बोलणारे सगळे कुणाच्या ना कुणाच्या घरी, कुणाच्या तरी यंत्रावर, पहिल्यांदाच ते जग पाहत होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुन्हा हेडसेट हातात घेतला नाही. काहींना उत्तम यंत्रावरही त्रास झाला असता हे मला मान्य आहे. होडी डुलत असताना जमीन स्थिर असते हा विसंवाद कोणतेही कार्ड मिटवू शकत नाही. तो भाग शरीराचा आणि दृश्य रचणाऱ्याचा. पण त्यावर आणखी मिनिटाला पन्नास हिसके यंत्राने घालायचे आणि त्यांचाही दोष त्या माणसाच्या पदरात टाकायचा, हा अन्याय आहे. माझ्या घरी तो मी माझ्या सख्ख्या बहिणीवर केला होता.

नवा संगणक उभा राहिल्यावर मी ती होडी सलग सव्वा तास चालवली. खोलीची दारे मुद्दाम बंद ठेवली, आधी अर्धा तास विमान उडवून कार्ड तापवून घेतले, मग पाण्यात वाकले, मान झटक्याने वळवली, होडीत खाली बसले आणि उठले. आलेख आठच्या आसपास राहिला. दोनदाच नऊच्या वर गेला. शेवटी हेडसेट उतरवून मी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. ते कोरडे होते. आणि बसमध्ये वळणे मोजणारी मीच होते, हे लक्षात आल्यावर मी फोन उचलला.

ताईला सगळे सांगितले. नववे मिनिट, गरम हवा, करवतीसारखी रेषा. तिने मध्ये काही विचारले नाही. "म्हणजे तेव्हा तो लॅपटॉप थकला होता?" असे तिने शेवटी विचारले. मी हो म्हटले, आणि मला हे त्याच दिवशी वाटले होते पण मी बोलले नाही, हेही सांगितले. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "येते रविवारी. पण या वेळी बसूनच बघेन." तिचा फोन ठेवल्यावर मी खोलीच्या मधोमध हातांची लाकडी खुर्ची आणून ठेवली, हेडसेट डोळ्यांवर चढवला, त्या खुर्चीत बसून होडीची उंची बसलेल्या माणसाच्या नजरेला जुळवून घेतली, आणि पाण्याचा तळ तिथून दिसतो ना ते पाहिले.